माझ्या लिव्हरचा उपास

१४ जून २००४, सोमवार

कंपनीच्या वार्षिक मेडिकलचे रिपोर्ट आज वाटले. माझं एसजीपीटी १६८. चाळीसच्या आत पाहिजे म्हणे. लिव्हर दुखावलं की हे एन्झाइम रक्तात उतरतं, असं डॉक्टरनं समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणजे पुण्याहून आठवड्यातून एकदा येणारा पोरगा, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. विचारलं, किती पिता. म्हटलं, कधीमधी. त्यानं कागदावर लिहिलं, रोज. समोरच्याचं ऐकून न घेता लिहायची ही सवय शिकलेल्या लोकांत फार.

विषय गंभीर आहे. दसऱ्याला नवा प्लांट सुरू होतोय आणि तिथं शिफ्ट इनचार्जची जागा आहे. सोळा वर्षं कुरकुंभात ऑपरेटर म्हणून काढली. जागा माझीच. पण तिथं सगळं सॉल्व्हंटचं काम, त्याच्या वाफा लिव्हरवर बसतात, म्हणून इनचार्जला डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट लागतं. सप्टेंबरात परत रक्त घेणार. आकडा खाली आला तर हौसराव इनचार्ज. नाही आला तर रविराज.

रविराज म्हणजे बी.एस्सी. झालेलं सव्वीस वर्षांचं पोर. डब्यात मोड आलेले मूग आणतं. मूग खाणाऱ्याच्या हाताखाली काम करायची वेळ माझ्यावर येणार नाही.

उद्यापासून दारू बंद. एक थेंब नाही. आज टेन्शन आहे, म्हणून आजचं धरायचं नाही.

१५ जून

बंदी पाळली. संध्याकाळी सातपर्यंत.

१६ जून

विचार केला. डॉक्टर म्हणाला होता, एकदम बंद करा. इथंच चुकलं. एकदम बंद केलं की शरीराला धक्का बसतो. प्लांटवर रिअ‍ॅक्टरसुद्धा कुणी एकदम बंद करत नाही, टेंपरेचर हळूहळू उतरवतात. डॉक्टरला प्लांटचं नॉलेज शून्य.

मी हळूहळू उतरवणार.

२० जून, रविवार. शिरूर

धुरपदा (आमची मंडळी) गुरुवारपासून मागं लागली होती की शिरूरला माहेरी जाऊ, तिथं एकजण कावीळ उतरवतो. मला कावीळ नाही, हे तिला सांगून काय उपयोग. तिच्या हिशोबात लिव्हर म्हणजे कावीळ. तरी गेलो. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत उभ्यानं.

मेहुणा मल्हारी घोड नदीच्या काठी म्हस्कूआप्पांकडं घेऊन गेला. आप्पांनी रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही. माझी पापणी खाली ओढली, नखं बघितली आणि म्हणाले, उतरंल. याला म्हणतात डायग्नोसिस. तो पुण्याचा पोरगा चार नळ्या रक्त काढून घाबरवतो.

त्यांनी एक मोठी बाटली काढा दिला. काळपट हिरवा. रोज सूर्य उगवायच्या आत, अनशापोटी, अर्धा पेला. पिवळं खायचं नाही, म्हणजे हळद, डाळ, केळं सगळं बंद. रविवारी खंडोबाचा उपास धरायचा. रोज चालायचं. शेवटी दारूबद्दलही काहीतरी म्हणाले, पण तोवर बाहेर दुसरे पेशंट आले होते. मुख्य जोर पिवळ्यावर होता.

काढ्यात काय आहे, असं धुरपदानं विचारलं. आप्पा म्हणाले, झाडपाला. झाडपाल्यानं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही, हे मीच तिला वाटेत समजावलं.

२१ जून

सकाळी काढा घेतला. सोळा वर्षं केमिकलमध्ये काढली, ड्रमची झाकणं उघडून काय काय वास घेतलेत. हे त्यातलं नाही. मोरीत उलटी झाली. पोरगी अंकिता दारात उभी राहून बघत होती.

शरीरानं नाकारलं. शरीर कधी खोटं बोलत नाही. दोन दिवस गॅप.

२४ जून

नाईट शिफ्ट सुरू. प्रश्न असा आहे की सूर्य उगवायच्या आत म्हणजे कधी? नाईटवाल्या माणसाची सकाळ संध्याकाळी होते. म्हणजे काढा सूर्य मावळायच्या आत घ्यायला हवा. पण तसं आप्पांनी सांगितलेलं नाही. चुकीच्या वेळी घेतलेलं औषध विष होतं. नाईट संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

धुरपदा म्हणाली, बाटली तशीच हाय. म्हटलं, असू दे, पळून जात नाही.

२७ जून, रविवार

पहिला उपास. सकाळी सहाला उठलो, आंघोळ केली, खंडोबाच्या फोटोला हात जोडले. पावणेनऊला डोळ्यापुढं अंधारी आली. शेजारी मटण शिजत होतं, त्याचा वास थेट आमच्या खिडकीत. शेजाऱ्याला रविवारच सापडतो.

धुरपदा चहा देत म्हणाली, तुमचं शिफ्टचं काम, तुमाला झेपायचं न्हाई, मी धरते तुमच्या नावानं.

प्रथम नाही म्हटलं. मग विचार केला, यात चूक काय आहे? बायकांचे सगळे उपास नवऱ्यासाठीच असतात. सोळा सोमवार कुणासाठी केले तिनं? याच महिन्यात वटपौर्णिमा झाली. वडाला फेऱ्या ती मारते आणि आयुष्य माझं वाढतं. आजपर्यंत कुणी म्हटलं नाही की हौसराव, फेऱ्या तुम्ही मारा. नवरा-बायको एकच असतात. तिनं उपाशी राहिलं काय आणि मी काय, खंडोबाच्या दरबारात एंट्री एकच.

उपास ट्रान्सफर केला. अंकिता बारावी सायन्सला आहे, तिला वाटतं सगळं कळतं. म्हणाली, पप्पा, लिव्हर प्रत्येकाला वेगळं असतं, आमच्या बायोलॉजीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात वटपौर्णिमा आहे का, असं मी विचारलं. 

दुपारी शेजाऱ्याकडून वाटीभर रस्सा आला. परत पाठवणं बरं दिसलं नसतं.

३० जून

आज एक तत्त्व पक्कं लिहून ठेवतो. हातानं काम करतो तो ऑपरेटर. काम करून घेतो तो इनचार्ज. गेल्या सहा वर्षांत मी एक व्हॉल्व्ह स्वतः फिरवला असेल तर शपथ. खुर्चीवरून नुसतं बोट दाखवतो, हेल्पर पळतात. रीडिंगसुद्धा तेच आणून देतात. रविराज शिडी चढून स्वतः गेज बघतो. बघ म्हणावं. असली माणसं आयुष्यभर शिडीवरच राहतात.

पगार झाला. दोस्तमंडळी बसली होती. बिअर मागवली आणि अचानक आठवलं की बिअर पिवळी असते. हात मागं घेतला. सगळे बघत राहिले. आप्पांचा शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. रम मागवली. रम काळी असते.

४ जुलै, रविवार

मॉर्निंग वॉक सुरू. एम-एटीवर बसून भीमेच्या पुलापर्यंत गेलो. गाडी तिथं लावून चालणार होतो, पण चहावाला ओळखीचा निघाला. तिथं बसून चालणारी माणसं बघितली. निम्मी चुकीचं चालतात. एक निवृत्त मास्तर हात असे फेकत होते की जणू गुरं हाकतायत. उद्यापासून त्यांना दाखवतो.

आजचा उपास उत्तम पार पडला. धुरपदानं दिवसभर पाणीच घेतलं. मला एकदम हलकं वाटतंय.

५ जुलै

पाऊस. वॉक नाही.

९ जुलै

काढ्याची बाटली बघितली. अर्ध्याच्या खाली गेली आहे. म्हणजे घेतो तर मी. नाईट करून पहाटे येतो, डोळ्यांवर झोप असते, त्या तंद्रीतच घेत असणार. सवय अंगात मुरली की माणसाला कळतसुद्धा नाही. आता चवही आठवत नाही. याचा अर्थ शरीरानं स्वीकारला.

अंकिताला सांगितलं, बघ, याला म्हणतात विल पॉवर. ती आईकडं बघत होती. धुरपदा भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

१७ जुलै, शनिवार. आषाढी अमावस्या

गटारी. नव्या प्लांटच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी शेतात बोकड कापलं होतं. मी फक्त हजेरी लावायला गेलो. बोकडाचं काळीज मात्र मागून घेतलं, सगळं. काळजाला काळीज, हे साधं सायन्स आहे. काळीज नुसतं घशाखाली जात नाही, सोबत काहीतरी लागतं.

यंदा श्रावण दोन आहेत, एक अधिक आणि एक खरा. म्हणजे पाळायचा कोणता? खराच. अधिक म्हणजे एक्स्ट्रा. एक्स्ट्रा महिना कुणी हिशोबात धरत नाही. त्यामुळे खरी गटारी पुढच्या महिन्यात. आजची रिहर्सल.

२० जुलै

मल्हारी एसटीनं दुसरी बाटली घेऊन आला. आप्पांना त्यानं सांगितलं, दाजींनी पहिली एक थेंब वाया न घालवता संपवली. आप्पा म्हणाले म्हणे, असा पेशंट या घोड नदीवर आजवर झाला नाही. आता दोन वेळा घ्या, सकाळ-संध्याकाळ.

ऐकून ऊर भरून आला. कंपनीत सोळा वर्षांत कुणी असं बोललं नाही.

२४ जुलै

रविराजची रिपीट टेस्ट नाही, कारण त्याचा पहिलाच रिपोर्ट नॉर्मल होता, २४. तो ते कुणाला सांगत नाही. हा खरा माज. २४ म्हणजे लिव्हरनं काही कामच केलेलं नाही. नव्या गाडीचं मीटर.

१ ऑगस्ट, रविवार. शिरूर

धोंड्याचा महिना, जावयाला वाण. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते, वर तुपाची धार. पुरण पिवळं असतं हे ताटावर बसल्यावर लक्षात आलं. पण अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला पथ्य नसतं. नऊ खाल्ले.

धुरपदाचा उपास होता. माहेरी येऊन जेवत नाही म्हणून सासूबाई नाराज. धुरपदा म्हणाली, त्यांच्या आकड्यासाठी हाय आई, थोडे दिवस. तिनं मला वाढलं. वाढताना मध्येच भिंतीला हात टेकून उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, काय न्हाई, उकडतंय.

ऑगस्टमध्ये उकडतं? माहेरी आलं की बायका नाजूक होतात.

८ ऑगस्ट, रविवार

घरात शिस्त राहिलेली नाही. डब्यात भाकरी कच्ची होती. भाजीत मीठ दोनदा. संध्याकाळी घरी आलो तर धुरपदा दिवेलागणीला आडवी. वीस वर्षांत हे असं पहिल्यांदा बघितलं. म्हणते, अन्नाचा वास नको वाटतो.

उपासानं असं होतं का, असं तिनंच विचारलं. मी म्हटलं, मला तर काहीच होत नाही.

१४ ऑगस्ट

उद्या पंधरा ऑगस्ट, ड्राय डे. आणि उद्या रात्रीच खरी गटारी. सरकारला पंचांग कळत नाही. त्यामुळे सगळी सोय आजच करून ठेवावी लागली. एका माणसानं किती धावपळ करायची.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला कंपनीत गेलो. डॉक्टर भेटला. कसं चाललंय म्हणाला. म्हटलं, काढा, उपास, पथ्य, वॉक, सगळं चालू आहे. काढ्याचं नाव काढताच त्याचं तोंड वाकडं झालं. म्हणाला, असली अनोळखी औषधं ताबडतोब बंद करा, काही झाडपाला लिव्हरलाच खातो, मी पेशंट पाहिलेत. आपली दुकानदारी बुडेल म्हणून ही माणसं असं बोलतात.

घरी येऊन धुरपदाला सगळं रंगवून सांगितलं, त्याच्या आवाजाची नक्कलही केली. ती हसली नाही. म्हणाली, खरंच असं व्हतं का? म्हटलं, वेडी का काय तू, मी घेतोय ना, मला काय झालंय?

ती काढ्याची बाटली पुसून परत फळीवर ठेवायला गेली.

१७ ऑगस्ट

खरा श्रावण सुरू. आता कडक. मटण बंद, अंडी बंद. दारू शाकाहारी असते, पण तरीही कमी करणार.

२२ ऑगस्ट, रविवार

आज घरात मोठा वाद. माझ्यासाठी घरात हळद बंद करून दोन महिने झाले आणि आज बघतो तर धुरपदाचे डोळे पिवळे. तोंडही पिवळट. चोरून हळद खाते, नाही तर तोंडाला लावते. सरळ विचारलं. नाही म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही, त्यामुळे जास्त राग आला.

अंकिता मध्ये पडली. म्हणाली, पप्पा, आईला डॉक्टरकडं न्या. मी सांगितलं, सहा सप्टेंबरला माझं रक्त आहे, तोपर्यंत मला कसलंही टेन्शन चालणार नाही. घरात एका वेळी एकच पेशंट असतो.

त्यावर अंकिता जे बोलली ते लिहून ठेवण्यासारखं नाही.

२९ ऑगस्ट, रविवार

मल्हारीनं मध्यंतरी आणलेली तिसरी बाटली संपली. इतकी शिस्त मी स्वतःत कधी पाहिली नव्हती.

धुरपदा आजचा उपास सोडायला उठलीच नाही. म्हणाली, भूकच न्हाई. पैसे वाचले म्हणून हसलो. ती हसायचा प्रयत्न करत होती. मग का कोण जाणे, रात्री तिच्या कपाळावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता. काही नसणार.

५ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस पूर्ण कोरडा. एक थेंब नाही. रक्त दोन दिवसांत नवं होतं, असं स्टोअरमधल्या माणसानं सांगितलंय, त्याचा साडू कंपाउंडर आहे. हात थरथरतात, पण तो आत्मविश्वास आहे.

इनचार्ज झालो की पहिलं काम, रविराजला नाईट.

६ सप्टेंबर

रक्त दिलं. रंग चांगला लाल होता. पिवळा अजिबात नाही.

८ सप्टेंबर, बुधवार

१७४.

सहा वाढले. आता याचा विचार शांतपणे केला पाहिजे. तीन महिन्यांत फक्त सहा, म्हणजे कंट्रोल तर आहेच. तेच मी डॉक्टरला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कागदावर अनफिट लिहिलं. दुपारी नोटीस लागली, नव्या प्लांटला रविराज. तो येऊन म्हणाला, हौसरावदादा, तुमच्याकडून शिकायचंय मला. टोमणा मारायची कलासुद्धा या पोरांना अवगत असते.

माझं काय चुकलं तेच कळत नाही. काढा झाला, उपास झाले, पथ्य झालं. आप्पांच्या औषधात भेसळ असणार. आज धुरपदाला स्पष्ट सांगायचं ठरवून घरी आलो की तुझ्या माहेरची माणसं फसवी आहेत.

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, धुरपदा न्हाणीत पडली, अंकितानं रिक्षा करून दवाखान्यात नेली. दुपारीच.

९ सप्टेंबर, गुरुवार. दवाखाना, दौंड

धुरपदाचं एसजीपीटी ९१२.

मी कागद दोनदा बघितला, नाव चुकलं असेल म्हणून. नाव तिचंच आहे. दवाखान्याचे डॉक्टर वयस्कर आहेत, शांत आहेत. त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, या दारू घेतात का. म्हटलं, तिला वाससुद्धा सहन होत नाही. मग काही औषध चालू आहे का. म्हटलं, तिला कशाला औषध, औषध मला चालू आहे.

आत अंकिता पिशवीतून म्हस्कूआप्पांची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवत होती.

डॉक्टरांनी धुरपदाला विचारलं. ती पडल्या पडल्या माझ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "त्यांना कडू लागतं, त्यांनी घेतलं न्हाई. उपास मी धरला तर त्यांना पावतो, मग औषध बी पावंल असं वाटलं. वाया चाललं व्हतं."

तिन्ही बाटल्या. सकाळ-संध्याकाळ. अनशापोटी.

डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

ते गेल्यावर धुरपदानं विचारलं, "आकडा उतरला का तुमचा?"

मी म्हटलं, "उतरला."

ती डोळे मिटून झोपली.

१० सप्टेंबर

मल्हारी शिरूरहून आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, दाजी, दोन बाटल्या माझ्या हातानं आणल्या. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. आप्पांनाही द्यायच्या होत्या. त्या पोरगेल्या डॉक्टरलाही, नीट जोर देऊन का सांगितलं नाही म्हणून. मल्हारी रडायला लागला, मग त्याला चहा पाजून आणावा लागला.

डॉक्टर म्हणतात, अजून चार दिवस काही सांगता येत नाही. गुंगी वाढली, बोलण्यात घोटाळा झाला, तर लगेच पुण्याला हलवायचं. म्हणून दर तासाला तिला काहीतरी विचारायचं. मी विचारतो, मी कोण? ती म्हणते, अंकिताचे पप्पा. एकदा उत्तर द्यायला उशीर झाला. मला भीती वाटते. इतकी भीती मला रिअ‍ॅक्टरचं प्रेशर चढलं तेव्हाही वाटली नव्हती.

११ सप्टेंबर

८७०. डॉक्टर म्हणाले, वळण चांगलं आहे, पण घाई नको. विचारलं, मी तिच्यासाठी काय करू शकतो. ते म्हणाले, बसून राहा. दुसरं त्यांच्या वतीनं करण्यासारखं काही नसतं.

बसून राहिलो. प्यायला गेलो नाही. गेलो नाही म्हणजे, जिन्यापर्यंत गेलो होतो.

१२ सप्टेंबर, रविवार

ठरवलं. आज उपास माझा. धुरपदाच्या नावानं. निर्जळी, दिवसभर, कुणाला न सांगता. तिनं माझ्यासाठी दहा-अकरा रविवार काढले, मला एक काढता येणार नाही? खंडोबाला स्पष्ट सांगितलं की हा तिच्या खात्यावर धर. सकाळचा चहासुद्धा परत पाठवला. आठपर्यंत फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतः करतोय असं वाटलं.

धुरपदाला आठ वाजता विचारलं, मी कोण? म्हणाली, तेच की तुम्ही. आवाज कालच्यापेक्षा बरा होता.

साडेदहाला खाली तिची औषधं आणायला गेलो. गेटवर वड्याची गाडी. दोन खाल्ले. कसे खाल्ले ते मलाच माहीत नाही. तिसऱ्याला हात घातला तेव्हा लक्षात आलं.

वर आलो. अंकिता आईच्या पायाशी बसली होती. तिला बाहेर बोलावून सगळं सांगितलं, तोंडाला वास येतच होता. म्हटलं, पोरी, अर्धा उपास मी धरलाय, वाया जाऊ द्यायचा नाही. उरलेला अर्धा तू धर. आईसाठीच आहे.

अंकितानं शेजारणीनं दिलेला डबा उघडला आणि माझ्यासमोर बाकावर बसून पोटभर जेवली.